चाळीसच्या पुढं जायचं नाय

भगवानसरांच्या क्लासात प्रत्येक खुर्चीवर खडूनं सूचना लिहिलेली असायची: 'डावीकडं टेकू नका', 'मागं रेलू नका'. मोडकी वस्तू फेकणं सरांना पाप वाटे. "बिघडलाय तेवढा भाग सोड ना रे, बाकीचा चांगलाय!" हे त्यांचं ब्रह्मवाक्य.

शहापुरात एसटी स्टँडमागं त्यांचा कॉम्प्युटर क्लास होता. दोन हजार सालाच्या आगेमागे मी किन्हवलीहून तिथं शिकवायला जायचो. सहा मशीनं, सगळी भंगारातून उचललेली. मेमरीची पट्टी खराब निघाली तरी सर टाकत नसत. दिवस दिवस तपासून ती कुठवर धड आहे ते शोधायचे आणि सुरू होतानाच्या फाइलीत मशीन चालवणाऱ्या लिनक्सला एका ओळीत बजावायचे: एवढीच मेमरी वापर, पुढच्या भागाला हात लावू नको. चार नंबरच्या मशीनला मेमरी चौसष्ट एमबी, पण हुकूम चाळीसचा. "चाळीसच्या पुढं जायचं नाय!" असं सर त्याला दटावायचे. ते असं रेंगाळायचं, की चालू करून चहा पिऊन यावं.

मला भारी शहाणपण! एकदा सर मुरबाडला गेले होते, तेव्हा मी चार नंबरची पट्टी तपासली. कुठंच खोट नाही. म्हटलं, म्हातारा पट्टी बदलून ओळ काढायला विसरला. ओळ उडवली. तिच्याखाली रोमन अक्षरांत काहीबाही होतं, तेही न वाचता उडवलं. मशीन पळायला लागलं, आणि मी शाबासकीची वाट बघत बसलो.

सर आले. फाइल उघडली. चेहरा खर्रकन उतरला.

"ती ओळ कुठंय?"

"सर, पट्टी चांगली आहे. उगाच कशाला..."

"मला म्हाईत हाय रे. मीच बदलली." ते मटकन खाली बसले. "ओळ कवितानं लिवली होती. खाली लिवलं होतं, बाबा, हे काढू नका."

कविता त्यांची एकुलती एक मुलगी. बारावीत कावीळ झाली नि आठवड्यात गेली, एवढंच मला ठाऊक होतं. ती या मशीनवर बसायची, हे सर कधी बोलले नव्हते.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी ओळ पुन्हा टाइप केली, खालचं वाक्यही. सरांनी वाचलं आणि मान हलवली.

"नको रे. ह्ये तू लिवलंस."

त्यांनी खिशातून क्लासची किल्ली काढून माझ्यापुढं ठेवली.

"रोज सकाळी तुमच्या आधी येऊन तेवढंच वाचायचो. उद्यापासून क्लास तूच उघड."