आल्याचं बिस्किट आणि बंद नाक

"अगं, आज चहा फार फिका झालाय."

"तो चहा नाही, सर्दीचा काढा आहे. चहा तुमच्या डाव्या हाताला आहे," बायको म्हणाली. "नाक बंद झालं की चवही जाते. अहो, आज रजा टाका."

रजा टाकणं शक्यच नव्हतं. बिस्किटांच्या कारखान्यात चव तपासायचं काम ते अठरा वर्षं करत होते. आज आल्याचं नवं बिस्किट ठरायचं होतं, आणि ते जमलं तर मुख्य तपासनिसाची खुर्ची तुमची, असं मालकांनी सांगून ठेवलं होतं. नेमकी आजच जीभ संपावर गेली. पण डोळे शाबूत होते, कान तिखट होते. तेवढ्यावर वेळ मारून नेऊ, असं ठरवून तपासनीस निघाले.

भट्टीवरच्या मावशींनी पहिला ट्रे पुढे केला. तपासनिसांनी बिस्किट कानाशी धरून मोडलं. आवाज झकास, रंगही तांबूस. तोंडात मात्र नुसता पुठ्ठा. छान म्हणावं आणि वाईट निघालं, तर खुर्ची गेली. काहीतरी खोट काढलेली बरी.

"आलं कमी पडलंय."

मावशींनी दुप्पट घातलं. पुन्हा पुठ्ठाच.

"अजून थोडं लागेल."

"साहेब, मळतानाच माझ्या डोळ्यांतून पाणी येतंय हो."

"डोळ्यांचं राहू द्या मावशी, जिभेचं मी बघतो."

तिसऱ्या ट्रेला पॅकिंगवाले नाकाला रुमाल लावून दाराशी जमले. चौथा ट्रे बाहेर येतोय तोच मालक आत आले आणि त्यांनी अख्खं बिस्किट तोंडात टाकलं. त्यांचे कान लाल झाले, टकलावर घाम फुटला. तपासनिसांनी मनातल्या मनात राजीनामा लिहायला घेतला.

मालकांनी त्यांना कोपऱ्यात ओढलं. "मला चव लागली," ते कुजबुजले. "कुणाला बोलू नका. चाळीस वर्षं सिगारेट ओढून माझ्या जिभेचं लाकूड झालंय. आपलं एकही बिस्किट मला कधी कळलं नव्हतं. हे कळलं. मुख्य तपासनीस तुम्हीच, आणि उद्यापासून रोज पाच हजार पुडे."

तपासनिसांना आनंदाने नाचावंसं वाटलं. मालकांनी स्वतःच्या हाताने त्यांना एक बिस्किट भरवलं. ते चावत असतानाच त्यांच्या नाकात काहीतरी फटकन मोकळं झालं. आधी भट्टीचा वास आला, मग लोण्याचा. मग आलं आलं. टाळूपासून टाचेपर्यंत आग झाली.

"कसं आहे?" मालकांनी विचारलं.

नवी खुर्ची डोळ्यांपुढे उभी होती. "तिखट अगदी बेताचं आहे," मुख्य तपासनीस कसेबसे म्हणाले.

"मग रोज सकाळी प्रत्येक ट्रेमधलं एक तुम्हीच खायचं."

मावशींनी पाण्याचा जग त्यांच्यापुढे ठेवला आणि उद्याचं पोतंभर आलं सोलायला बसल्या.