कुटुंबाचा फोटो, ग्रॅमरावांसह

नव्याने राहायला आलेल्या शेजारीणबाई चहाचा कप हातात धरून भिंतीवरचे फोटो एकेक करून पाहत होत्या. शेवटच्या फ्रेमपाशी त्या थांबल्या, आवाज एकदम खाली आणला आणि म्हणाल्या, “तुमच्या मिस्टरांना जाऊन किती वर्षं झाली हो?”

सदर मिस्टर त्याच क्षणी बिस्किटांची बशी घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर येत होते. “हे काय, इथंच आहेत,” बायको म्हणाली.

“अगंबाई!” शेजारीणबाईंचा कप बशीवर आदळला. “मला वाटलं, हे तुमचे भाऊ!”

बाई ओशाळून लवकर उठल्या. पण चूक त्यांची नव्हती. भिंतीवर बायको होती, लेक होती, सासरेबुवा होते. समुद्रावर, बागेत, डोंगरावर, बर्फात, सगळीकडे तिघेच होते. चौथा इसम सगळ्या सहलींना हजर असूनही एकाही फोटोत नव्हता, कारण कॅमेरा त्याच्या हातात होता. वाटेतल्या कुणाला फोटो काढायला सांगावे, असे बायकोने अनेकदा सुचवले होते. पण अनोळखी माणसाच्या हाती नवरेबुवा एक वेळ घराची किल्ली देतील, कॅमेरा नाही.

“मला मारूनच टाकलं की त्यांनी,” ते बिस्किटांच्या बशीकडे बघत म्हणाले. त्यांना खरोखर वाईट वाटले होते. उद्या लेक मोठी होईल, आपल्या मुलांना हे फोटो दाखवील आणि ती मुले विचारतील, आजोबा कुठे आहेत? मग लेक काय सांगणार, फोटोच्या अलीकडे?

“ट्रायपॉड घ्या,” बायको म्हणाली. “टायमर लावायचा, पळत येऊन उभं राहायचं. जगभर लोक तेच करतात.”

वास्तविक हा विषय एका दुपारी संपायला हवा होता. दुकानात जायचे, ट्रायपॉड घ्यायचा, घरी यायचे. पण गृहस्थ एका कुरियर कंपनीत पार्सलच्या खिडकीवर होते आणि आयुष्यभर त्यांनी लोकांच्या वस्तूंची वजने केली होती. पार्सल हातात घेतल्या घेतल्या ते काट्याच्या आधी ग्रॅम सांगत. कचेरीत त्यांना सगळे ग्रॅमराव म्हणत आणि ही थट्टा आहे, हे सोडून बाकी सर्व त्यांना समजत असे. जड ते वाईट, हलके ते चांगले, एवढे सुटसुटीत तत्त्वज्ञान बाळगून त्यांचा संसार चालला होता. शिवाय सासरेबुवांना वाढदिवसाला गावाबाहेरच्या डोंगरावर जायचे होते. म्हणजे ट्रायपॉड वर वाहून न्यावा लागणार होता. तेव्हा तो हलका हवा. हलका म्हणजे सर्वांत हलका.

पुढचे काही आठवडे ग्रॅमरावांनी जगातल्या झाडून सगळ्या ट्रायपॉडांचा अभ्यास केला. जेवताना ते फोनवर ट्रायपॉडविषयीचे व्हिडिओ बघत. त्यांत एक दाढीवाला बर्फात उभा राहून ट्रायपॉड एका करंगळीवर तोलून दाखवी. कार्बनचे पाय किती हलके आणि ॲल्युमिनियमचे किती जड, यावर ते बोलू लागले की लेक पाणी प्यायला म्हणून उठे आणि परत येत नसे.

“उभा राहतो ना पण तो नीट?” बायकोने एकदा विचारले.

“कोण?”

“ट्रायपॉड. दाढीवाला नव्हे.”

“अगं, तीन पाय असतात त्याला. तीन पायांचं काहीही उभंच राहतं. हा साधा भूमितीचा प्रश्न आहे.” भूमितीत ग्रॅमराव दोनदा नापास झाले होते, हे बायकोला लग्नानंतर समजले होते.

अखेर ते दुकानात गेले, ते पिशवीत स्वतःचा लटकवायचा वजनकाटा घेऊनच. दुकानदाराने तीन ट्रायपॉड काउंटरवर मांडले. ग्रॅमरावांनी पाय उघडले नाहीत, पेच फिरवले नाहीत, कॅमेरा लावून पाहिला नाही. त्यांनी एकेक ट्रायपॉड काट्याला मासळीसारखा टांगला आणि डोळे बारीक करून आकडा वाचला.

“हा पहिला घ्या साहेब,” दुकानदार म्हणाला. “दणकट आहे. हत्ती बसला तरी हलणार नाही.”

“मला हत्तीचा फोटो काढायचा नाही.”

“मग हा मधला. जरा हलका, जरा भक्कम.”

“आणि हा तिसरा?”

“तो हलका आहे.”

“किती हलका?”

“इतका हलका, की परवा एक गिऱ्हाईक विकत घेऊन इथंच विसरून गेलं. हातात आहे की नाही, ते कळलंच नाही त्याला.”

दुकानदाराच्या बोलण्यातली खोच दुकानातल्या सगळ्यांना कळली. ग्रॅमरावांना ती शिफारस वाटली. तिसऱ्याची किंमत पहिल्या दोघांच्या बेरजेपेक्षा जास्त होती. वस्तूत जितके कमी, तितके पैसे जास्त, हा व्यापार त्यांना पटला आणि ते ट्रायपॉड काखोटीला मारून विजयी वीरासारखे घरी आले.

घरी आल्यावर मात्र त्यांना चैन पडेना. ट्रायपॉड सर्वांत हलका होता, पण अजून हलका होऊ शकला असता. त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर काढला. आधी पिशवी गेली, मग खांद्याचा पट्टा गेला. पायांच्या टोकांना रबरी टोप्या होत्या, त्या उपटून निघाल्या. मधल्या दांड्याच्या खाली एक लोखंडी हूक होता. तो कशासाठी आहे, हे ग्रॅमरावांना ठाऊक नव्हते, आणि जे कशासाठी आहे ते ठाऊक नाही ते निरुपयोगी असते, असे त्यांचे मत होते. हूकही निघाला.

“अहो, कंपनीनं काहीतरी विचार करूनच लावलं असेल ना ते?” बायकोने विचारले.

“कंपनीला डोंगर चढायचा नसतो.”

हे बोलताना त्यांच्या शर्टाचे मधले बटण त्यांच्या पोटापुढे जेमतेम तग धरून होते. त्या पोटात असले चारपाच ट्रायपॉड सहज मावले असते. पण हे वजन ग्रॅमरावांनी कधी काट्यावर घेतले नव्हते, आणि घरात त्याचा उल्लेख करायची पद्धत नव्हती.

वाढदिवशी सकाळी मंडळी निघाली. सासरेबुवा पूर्वी शाळेत कवायत शिकवीत. ते सर्वांत पुढे, ताठ मानेने. त्यांच्यामागे लेक. बायकोच्या पाठीवर जेवणाचे डबे, पाण्याच्या बाटल्या, सतरंजी आणि केक. सर्वांत शेवटी ग्रॅमराव, गळ्यात जुना बोजड कॅमेरा आणि दोन बोटांत ट्रायपॉड. दर वळणावर ते थांबून धापा टाकत आणि म्हणत, “बघा, जाणवतसुद्धा नाही!”

“तुम्हाला नसेल जाणवत,” पाठीवरचा बोजा सावरत बायको म्हणाली. “मला केक जाणवतोय.”

माथ्यावर पोहोचल्यावर ग्रॅमरावांनी कुणाला पाणीदेखील पिऊ दिले नाही. पाणी प्यायल्यावर चेहरे ओले दिसतात, असे त्यांचे म्हणणे पडले. तिघांना ओळीत उभे केले आणि सासरेबुवांच्या डाव्या हाताला एक माणूस मावेल एवढी जागा मोकळी सोडली. त्या जागेकडे त्यांनी एकदा डोळे भरून पाहिले. मग सपाट कातळावर ट्रायपॉड मांडला, वर कॅमेरा बसवला आणि हात काढला.

तिन्ही पाय सावकाश तीन दिशांना चालू लागले.

“बाबा, तो बसतोय!” लेक ओरडली. ग्रॅमरावांनी कॅमेरा वरच्या वर झेलला. गुळगुळीत कातळावर पाय घसरू नयेत म्हणून रबरी टोप्या असतात, हे त्यांच्या तेव्हा लक्षात आले. टोप्या घरी कपाटात होत्या, एका डबीत, अगदी व्यवस्थित.

मग त्यांनी ट्रायपॉड मातीत रोवला. आता पाय घसरेनात, पण वारा सुटला. ट्रायपॉड थरथरू लागला. टायमर लावून ग्रॅमराव पळाले, जागेवर उभे राहिले, हसले. फोटो निघाला. त्यात प्रत्येकाला दोन डोकी होती.

“काहीतरी वजन अडकवा त्याला, जावईबापू,” सासरेबुवा म्हणाले. “खाली काही हूकबीक नसतो का?”

ग्रॅमराव कॅमेऱ्याची काच पुसू लागले. बायको काही बोलली नाही, पण ती ज्या तऱ्हेने बोलली नाही, ते ग्रॅमरावांना स्पष्ट ऐकू आले.

“मी धरतो,” सासरेबुवांनी तोड काढली. त्यांनी ट्रायपॉड धरला. फोटो स्वच्छ आला, फक्त त्यात ज्यांचा वाढदिवस होता ते नव्हते. मग बायकोने धरला, तेव्हा बायको नव्हती. मग लेकीने धरला. तासाभरात त्या कुटुंबाचे असे सुंदर फोटो जमले, की प्रत्येकात एक जण दिवंगत वाटावा.

“बाबा, आता नेहमीसारखा काढा ना,” लेक कंटाळून म्हणाली. “तुम्ही तिकडं, आम्ही इकडं. भूक लागलीय.”

नेहमीसारखा! हा शब्द ग्रॅमरावांच्या काळजात रुतला. “दगड,” ते एकदम म्हणाले, आणि उतारावर चालते झाले.

अर्धा किलो वाचवण्यासाठी आठवडेच्या आठवडे घालवलेला तो माणूस आता दोन्ही हातांत धोंडे घेऊन धापा टाकत वर येऊ लागला. एक धोंडा, मग दुसरा, मग पोटाशी धरलेला तिसरा. त्यांचा शर्ट घामाने चिकटला, मधले बटण तुटून कुठे गेले ते समजले नाही. सासरेबुवा लांबून “एक, दोन! एक, दोन!” असा ठेका देऊ लागले. प्रत्येक पायाभोवती दगडांचा ढीग झाला. ट्रायपॉड दिसेनासा झाला, पण हलेनासाही झाला.

“आता कुणी हलायचं नाही!” ग्रॅमराव गरजले. “हसायचं नाही, बोलायचं नाही, केस नीट करायचे नाहीत!”

वर्षानुवर्षे ते हेच सांगत आले होते. तिघांनी सवयीप्रमाणे पासपोर्टच्या फोटोतले चेहरे केले. ग्रॅमरावांनी टायमर दाबला आणि धाव ठोकली. ते अर्ध्या वाटेवर असताना वाऱ्याचा झोत आला, आणि काय असेल ते असो, त्यांनी मागे वळून पाहिले. एका पायाचा ढीग ढासळत होता. कॅमेरा एका अंगाला कलत होता.

“अरे!” अशी आरोळी ठोकून ग्रॅमराव होते तिथून उलटे फिरले, दोन्ही हात पसरले आणि ज्या पोटाविषयी घरात बोलत नसत त्या पोटासकट त्यांनी झेप घेतली. मागून लेकीचा गलका ऐकू आला, बायकोचे “अहो!” ऐकू आले, आणि कुठेतरी मध्येच कॅमेऱ्याचे टिक् झाले.

कॅमेरा त्यांच्या हातात आला. ट्रायपॉड त्यांच्या अंगाखाली आला. काडकन आवाज झाला आणि जगातल्या सर्वांत हलक्या ट्रायपॉडचा एक पाय वेगळा झाला.

ग्रॅमराव मातीत तसेच पडून राहिले. कॅमेरा शाबूत होता, पण त्यांना उठावेसे वाटेना. सासरेबुवांच्या डाव्या हाताची जागा मोकळीच राहिली होती. बायको येऊन शेजारी बसली, त्यांच्या कपाळावरची माती पदराने पुसली आणि म्हणाली, “लागलं का कुठं?”

“नाही,” ते म्हणाले. “मी काही फोटोत यायचा नाही गं.”

या वेळी मात्र तिने टोमणा मारला नाही. तिने केकचा मोठा तुकडा त्यांच्या हातात ठेवला.

उतरताना ट्रायपॉडचा तुटका पाय सासरेबुवांनी हातात घेतला होता. “काठी म्हणून मात्र झकास आहे हं, जावईबापू,” ते म्हणाले. “जाणवतसुद्धा नाही.”

घरी आल्यावर लेकीने कॅमेरा हातात घेतला. फोटो बघता बघता ती खुदकन हसली, मग मोठ्याने हसली, आणि मग आईला हाका मारू लागली.

दुसऱ्या दिवशी तो फोटो मोठा करून घेऊन ग्रॅमराव फ्रेमवाल्याकडे गेले. फ्रेमवाल्याने तो काउंटरवर ठेवला आणि त्याचा हातातला फडका तिथेच थांबला. फोटोत डोंगर तिरका झाला होता. पुढे एक जाडा गृहस्थ दोन्ही हात पसरून हवेत होता, तोंड उघडे, शर्टाचे बटण तुटलेले. त्याच्या मागे तिघे जण होते. लेक टाळ्या पिटत होती, म्हातारेबुवा कमरेतून वाकले होते, आणि बायको डोळे मिटून, तोंडावर हात धरून अशी काही हसत होती, की ग्रॅमरावांनी आदल्या रात्री तो फोटो पुन्हा पुन्हा पाहिला होता. इतकी वर्षे ते तिचे फोटो काढत होते. ती अशी दिसते, हे त्यांनी आजवर टिपले नव्हते, कारण आधी ते सगळ्यांना हसू नका म्हणून सांगत.

“वा!” फ्रेमवाला म्हणाला. “काय जिवंत फोटो आहे हो! कुणी काढलाय?”

इतक्या वर्षांत त्यांच्या एकाही फोटोला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. ग्रॅमरावांना क्षणभर मोह आवरला नाही.

“मीच,” ते म्हणाले.

फ्रेमवाल्याने फोटोकडे पाहिले, ग्रॅमरावांकडे पाहिले, पुन्हा फोटोकडे पाहिले.

“काहीतरीच काय सांगताय? फोटोत तर तुम्ही आहात.”

“आहे ना?” ग्रॅमराव म्हणाले, आणि त्यांनी फोटो आपल्याकडे फिरवून पुन्हा एकदा खात्री करून घेतली.