बठ्ठी ज्वारी

चार दिवसांसाठी माहेरी साक्रीला गेलेल्या बायकोचा, कोकिळाबाईंचा, फोन आला तेव्हा ज्ञानेश्वरभाऊ जळगावच्या घरात एकटे आणि चक्क सुखात होते. लेकीला, हेमांगीला, सातवा लागलेला. डॉक्टरांनी प्रवास बंद केलेला. म्हणून पुढच्या आठवड्यात कोकिळाबाई दोन महिने नाशिकला जाणार होत्या. हे चार दिवस नीट पार पडले तरच भाऊंना मागे एकटं राहायची परवानगी. नाहीतर दोन महिने जावयाच्या घरी पाहुण्यासारखं ताठ बसायचं! नुसत्या कल्पनेनंच भाऊंची पाठ दुखायला लागायची.

"बिबड्यांच्या पापडांसाठी ज्वारी भिजत घाला. तीन दिवस. रोज पाणी बदला."

"किती घालू?"

"बठ्ठी!" आणि फोन बंद.

माहेरी गेल्या की बाईंची भाषाही माहेरची व्हायची. बठ्ठी म्हणजे सगळी, एवढं भाऊंना तीस वर्षांच्या संसारानं शिकवलं होतं. ओट्याखालच्या डब्यातली सगळी की कोठीतल्या पोत्यातली सगळी, हे मात्र शिकवलं नव्हतं. भाऊंनी पोतं सोडलं.

पातेली भरली, बादल्या भरल्या, घमेलं भरलं. तरी पोतं निम्मं शिल्लक. मग कूलरच्या टाकीवर नजर गेली. नळ दोन दिवसांआड, हुकूम रोज पाणी बदलायचा! शेजारच्या इंदिराबाईंच्या बोअरवरून पाणी वाहता वाहता भाऊंचे खांदे गेले. तिसऱ्या दिवशी ज्वारी आंबली. घामानं निथळणाऱ्या भाऊंनी सवयीनं कूलरचं बटण दाबलं. अरे देवा! आंबट वारा घरभर, आणि पंपात दाणे अडकून मोटार बंद.

इंदिराबाई नाकाला पदर लावून आल्या. "भाऊ, काय मेलं हो घरात?"

"मी," भाऊ म्हणाले.

संध्याकाळी कोकिळाबाई परतल्या. पातेली पाहिली, घमेलं पाहिलं, कूलर उघडून आत पाहिलं.

"अहो, डब्यातली! दोन किलो!"

"डबा तू म्हणालीच नाहीस."

भाऊंनी मुकाट्यानं बॅग काढली. "येतो मी नाशिकला."

"येतो? मी कुठे चाललेय आता? ही वाळवायची, दळायची, शिजवायची, गच्चीवर थापायची. सोडून गेले तर सगळी फुकट जाईल. महिनाभर मला श्वास नाही. तुम्ही एकटेच जायचं."

भाऊंनी बॅग परत आत सारली. "अगं, मी जाऊन काय करणार?"

"फार नाही. तिच्यासाठी रोज रात्री बदाम भिजत घालायचे. चार."

स्वयंपाकघराच्या दारातून त्या पुन्हा वळल्या.

"चार हं! बठ्ठे नाही."