काशप्पाअण्णांचं जुनं बुक

काशप्पाअण्णांच्या घरी पहिल्यांदा गेलात, तर पाण्याचा तांब्या पुढे करायच्या आधी ते एकच प्रश्न विचारतात. "मरायची तयारी हाय न्हवं?"

माणूस दचकणारच. आमच्या शाळेतले एक नवे सर तर चपला हातात घेऊन थेट बसस्टँडवर पोचले. मग मीच मागे धावत जाऊन सांगितलं, अहो, खेळातलं मरण, खरं नव्हे!

खेळ असा. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. कुणी योद्धा, कुणी चोर, कुणी जादूगार. पुढे भुयार लागलं, आत राक्षस आहे, आता काय करणार ते ज्याचं त्यानं सांगायचं. जमलं का फसलं, ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. अण्णांच्या मुलाला बेंगळूरला शिकताना याचा नाद लागला होता. पुढे तो परदेशी गेला, आणि फासे न् नियमांची दोन जाडजूड इंग्रजी पुस्तकं इथं आमच्या गावी, खटकचिंचोळीच्या घरात ट्रंकेत राहिली. एक जुनी आवृत्ती, एक नवी. अण्णांची सगळी हयात बैलबाजारात दलाली करण्यात गेली. हा माणूस म्हातारपणी मांडीवर डिक्शनरी घेऊन ती पुस्तकं वाचायला बसला! अडलं की माझ्याकडे. मी गणिताचा मास्तर. शब्द बघावा तर ते कुठल्याशा भुताचं नाव असायचं.

बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. रुमालाखाली हात घालायचा, बोटं दाबून सांगायचं, बघणाऱ्याला पत्ता लागता कामा नये. अण्णांनी तीच रीत इथं आणली. फासा तुम्ही टाकायचा, पण रुमालाखाली. आकडा बघणार फक्त अण्णा. "रुमाल उचलायचा न्हाई, सर!" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतसुद्धा हात आवरतो.

भांडण व्हायचं ते पुस्तकावरून. नवी आवृत्ती नवख्यांसाठीच केल्यासारखी आहे. तुमचा वीर पडला तरी दुसऱ्या दिवशी टुणकन उठतो. जुन्या आवृत्तीत उंदीर चावला तरी संपलात. आम्ही तर दर खेपेला नशिबानंच वाचायचो. शहाणा माणूस नवख्याला कुठली देईल? पण अण्णा म्हणजे अण्णा. "नव्या बुकात कुणी मरतच न्हाई. बिनशिंगाच्या बैलाला कुणी भ्यायलंय का?"

मीही एरवी सोडून दिलं असतं. पण या वेळी येणार होती माझी थोरली बहीण, सुमनअक्का.

अक्कानं तीस वर्षं अंगणवाडी चालवली. निम्मं गाव तिच्या हातचं उप्पीट खाऊन मोठं झालंय. गेल्या साली ती निवृत्त झाली आणि गप्पच झाली. बाजार नाही, लग्नकार्य नाही, कुणी आलं की उठून आतल्या खोलीत. "मला कोण इचारायलंय आता," एवढंच बोलायची. महिनाभर मिनत्या केल्या तेव्हा म्हणाली, "एकदाच येते. न्हाई आवडलं तर परत नाव काढायचं न्हाई." तिचा वीर पहिल्याच झटक्याला मेला असता, तर ती पुन्हा घराबाहेर पडली नसती. मला त्याचीच भीती होती.

"अण्णा, एक ऐतवार नवं बुक काढा," मी हात जोडले.

"जुनंच."

"कामून पण?"

"जुनंच!"

रफिकभाई आमच्यातला चोर. म्हणजे खेळातला, एरवी टेलर. त्यानंही रदबदली केली. "नक्को अण्णा, अक्का नवे हैं. पैलेच दिन मारते क्या जी?" उपयोग शून्य. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच.

रविवारी दुपारी अक्का खुर्चीच्या कडेवर बसली, पर्स मांडीत घट्ट धरून. अण्णांनी विचारलं, "अक्का, कोण व्हणार? योद्धा? जादूगार?"

"मी अंगणवाडीचीच."

"तसं बुकात न्हाई."

"मग जाते मी."

"बसा, बसा! लिव्हतो!" आणि ज्या पुस्तकाला ते आम्हाला ओला हात लावू देत नाहीत, त्यात त्यांनी पेनानं लिहिलं, अंगणवाडी.

भुयारात तीन तोंडांचा राक्षस निघाला. माझी तलवार मोडली, रफिकभाई खांबामागे दडला. राक्षस अक्कावर धावला. "अक्का, काय करताव आता?" अण्णांनी डोळे वटारले.

अक्कानं पर्स खाली ठेवली. ताठ बसली. आणि वर्षभरात न ऐकलेला तो आवाज निघाला. "हात धुतलास का?"

"कोण? राक्षस?"

"तीन तोंडं हायत आन हात बघ कसले! जा, हात धू. मग ओळीत बस. उप्पीट मिळंल."

रफिकभाईच्या नाकातून चहा आला. अण्णा मात्र गंभीर. "पंधराच्या वर पडलं तर ऐकतंय. न्हाई तर अक्का गेल्या."

अक्कानं रुमालाखाली फासा टाकला. अण्णांनी आपल्या बाजूनं कड उचलली, बराच वेळ बघितलं. "अठरा! बसलंय बगा ओळीत!"

अक्का टाळ्या पिटत उठली. माझा कोपर लागून रुमाल सरकला. फाशावर तीन होते. अण्णांनी झटकन तळवा ठेवला.

घरी जाताना अक्काचं तोंड थांबेना. "थोडक्यात वाचले बघ!" गिरणीपाशी थांबून दळण घेऊन आलेल्या बायकांनाही तिनं राक्षस सांगितला. तिला सोडून मी उलट्या पावली परत गेलो.

"अण्णा, तीन होते."

"व्हय."

"आणि आजवर?"

"फाशावर रफिक बारा येळा मेलाय. तुमची तर मोजदादच न्हाई, सर."

"मग नवंच बुक काढायचं! ही लबाडी तरी वाचली असती."

"नव्यात मरत न्हाई ह्ये माणसाला आधीच ठाव असतंय. खेळतंय, च्या पितंय, इसरून जातंय. जुन्यात थोडक्यात वाचलेलं माणूस आठ दिस तेच सांगत फिरतंय, आन फिरून येतंय."

"मग एखाद्याला खरंच मारा की कधी."

अण्णा कप गोळा करायला लागले. "मेलेलं माणूस उठून घरला जातंय, सर. मग हितं मी आन ह्या खुर्च्या."

या माणसाला मी आठवडाभर मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या.

"अक्का येतील न्हवं पुढच्या ऐतवारी?" विचारताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. नळाखाली कप विसळत राहिले.

"ऐतवारची वाट कोण बघतंय? ती उद्याच यायचं म्हणायलीय. राक्षसाला बाराखडी शिकवायचीय म्हणे."

नळ तसाच वाहत राहिला.

"उद्या?" अण्णा म्हणाले. "किती वाजता?"