तीन सेन्सरांची मोहीम आणि गुरुवारचा तह

साहेबी आज्ञा जाहली की, तिसऱ्या मजल्यावरील फ्लॅटात मायलेकींमध्ये जी धामधूम उडाली तिची हकिकत लिहून ठेवावी. त्यावरून जे कानी आले ते पदरचे न घालता लिहितो, उणेअधिक असेल ते पदरात घ्यावे.

मातुश्री टायपिंगबाई, वय अडुसष्ट, तीस वर्षे परक्यांच्या बोटांस शिस्त लावून निवृत्त जाहलेल्या, एकट्या राहात होत्या आणि साखरेचा विकार अंगी होता. मग त्यांची कन्या दंतवैद्यीण, जिचा चिमटा पाहताच भल्याभल्यांचा धीर सुटे, तिच्या चित्ती काळजी उपजली, आणि तिने बटणाएवढे तीन सेन्सर आणून एक सदर दरवाज्यावर, एक फ्रिजवर, एक दिवाणखान्याच्या भिंतीवर ऐसे तैनात केले, आणि अभय दिले की, "आई, यात कॅमेरा नाही, माईक नाही. दार उघडं की बंद, कोणी हललं की नाही, एवढंच माझ्या फोनवर दिसेल." लेकीचे मन मोडवेना म्हणोन मातुश्रींनी मान डोलावली, आणि येथेच घात जाहला.

कारण ते मुके चाकर एकेकटे काहीच जाणत नव्हते, परंतु तिघांची साक्ष जुळविता घरातील यच्चयावत खबर फुटू लागली. पहिल्या आठवड्यात फोन आला की, दुपारी तीनदा फ्रिज उघडलास, आत गोड काय आहे? मातुश्रींनी जबाब दिला की, काकडी. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा फोन.

"मंगळवारी आणि शुक्रवारी चारला दार उघडतं, मग दीड तास हॉलमध्ये सतत हालचाल, मग पुन्हा दार. कोण येतं?"

"वारा."

"दोन्ही दिवस चारच्या ठोक्याला?"

"वक्तशीर आहे."

वास्तविक तो वारा नव्हता. तळमजल्यावरील दुकानाचे राजश्री घड्याळजी, विधुर, मिशा पांढऱ्या परंतु टोकदार, वर येत, आणि उभयता रेडिओ लावून जोडीने नाच शिकत. ही गोष्ट मातुश्रींनी लेकीस समोर बसवून सांगावी ऐसा निश्चय करून आरशापुढे वाक्यही घोटले होते. परंतु दवाखान्यात श्वास घ्यायला फुरसत नाही या सबबीवर लेक सेन्सर बसविल्यापासून फिरकलीच नव्हती.

आणि तिसऱ्या फोनात फर्मान सुटले की, शनिवारी बेडरूमच्या दारासही सेन्सर बसेल. तेव्हा मातुश्रींच्या तळपायाची आग मस्तकी गेली, आणि घड्याळजींसह मसलत होऊन मोहीम मांडिली. घड्याळजींनी दुकानातून लंबकाचे थोरले घड्याळ आणून भिंतीवरील सेन्सरासमोर टांगिले, आणि मातुश्रींनी फ्रिजचा सेन्सर उचकटून आपल्या टाइपरायटरच्या सरकत्या गाड्यास डकविला, आणि तहाचा मसुदा टंकावयास बसल्या. मग लेकीच्या फोनवर ऐसे दिसो लागले की, मातुश्री सव्वीस तास न बसता दिवाणखान्यात चालत आहेत आणि तासाभरात बासष्ट वेळा फ्रिज उघडून मिटला आहे. कन्या खुर्चीवरील रोग्याचा आ तसाच उघडा टाकून निघाली, ती थेट उंबऱ्यात धापा टाकीत दाखल जाहली.

मातुश्री स्वस्थ चहा पीत होत्या.

"आई! हे काय चाललंय?"

"बस. बासष्ट ओळी आहेत, वाच."

मसुद्यात कलम एकच, बाकी शिव्याशाप: आठ दिवस ऐसेच तीन सेन्सर लेकीच्या घरी बसावे आणि खबर मातुश्रींच्या फोनवर यावी. "माझ्याकडे लपवण्यासारखं काय आहे?" ऐसे म्हणोन कन्येने हसत मोर्तब केले.

आठ दिवस सरले आणि मातुश्रींनी लेकीस पाचारण केले.

"गुरुवारी एक ते पाच तू घरी होतीस. फ्रिज अकरा वेळा उघडलास. आणि त्याच दिवशी मला म्हणालीस, दवाखान्यात मरणाची गर्दी आहे."

ज्या दंतवैद्यिणीने कधी रोग्यापुढे नजर वळविली नाही, तिची मान खाली गेली. "दर गुरुवारी दवाखाना बंद ठेवते. घरात कुणालाच माहीत नाही. सोफ्यावर पडून आइस्क्रीम खाते. आठवडाभर लोकांच्या तोंडात बघून कुणाशी बोलावंसंच वाटत नाही, आई. तुझ्याशीही."

हा घाव मातुश्रींच्या जिव्हारी बसला. मग म्हणाल्या, "मग तसं सांगायचं होतंस. मी थोडी रुसले असते. पण तुझ्या तोंडून तरी कळलं असतं."

"तुलाही तसंच सांगायचं होतं ना काही?"

तेव्हा घोटलेले वाक्य ऐनवेळी दगा देऊन गेले, आणि मातुश्री नुसत्या एवढेच बोलल्या, "खालचे घड्याळजी. आम्ही नाचतो. आणि मला आवडतात ते."

"नाचता? दीड तास? आणि तुझे गुडघे?"

"दुखतात की. त्यांचेही दुखतात."

यावर उभय पक्षांस ऐसे हसू फुटले की, कन्या जमिनीवर बसली आणि मातुश्रींच्या डोळ्यांतून पाणी आले. मग कन्येने पर्समधून दातकोरणीचे हत्यार काढून दोन्ही घरांचे सहाही सेन्सर स्वहस्ते उपटिले, आणि ठरले की, ज्यास जे सांगणे ते त्याने आपल्या तोंडाने, आपल्या वेळेस सांगावे.

येणेप्रमाणे मातुश्री टायपिंगबाईंची फत्ते जाहली, माणूस एकही पडला नाही, फक्त एका रोग्याचा जबडा दोन दिवस आखडला. पुढे त्या दारातून कोण आले, कोण गेले, याची नोंद कोठेही नाही. आम्ही पुसावयास गेलो, तो मातुश्रींनी आम्हांस बाहेर घालून दार लावून घेतले.