देऊळघाटच्या खताचा पंचनामा

मातीपुढे सगळे सारखे, हे वाक्य मी बऱ्याच व्यासपीठांवरून ऐकलं आहे. आमच्या शेजारच्या देविदासरावांच्या फाटकापाशी मात्र मातीलाच उभं करून विचारपूस होते. कुठून आली, कोणी आणली, सोबत काय आहे. खताला तर पंचांशिवाय प्रवेशच नाही.

देविदासराव कोर्टात नाझर होते. खटल्यात जप्त झालेल्या वस्तू, म्हणजे मुद्देमाल, त्यांच्या ताब्यात असायचा. कुऱ्हाडी, सायकली, चोरीची भांडी, सगळं चिठ्ठी लावून, लाख लावून. सहा वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले. सवय निवृत्त झाली नाही. सगळी कॉलनी त्यांना अजून नाझरसाहेब म्हणते आणि ते अजून खाकी पाकिटं विकत आणतात.

त्यांच्या घरापुढे पंधरा फूट बाय बारा फुटांचं लॉन आहे. आमच्याकडे लॉन म्हटलं की लोक लग्नाची तारीख विचारतात. उंद्रीच्या एका गृहस्थाने खरोखरच फाटकातून वाकून विचारलं होतं, "किती माणूस बसते?"

"दोन," नाझरसाहेब म्हणाले. "तेबी नवरा-बायको असले तं."

या लॉनसाठी दर वर्षी मे महिन्यात देऊळघाटहून शेणखताची चार पोती येतात. देऊळघाट हे कुसुमवहिनींचं, म्हणजे त्यांच्या पत्नीचं माहेर. पोती घेऊन येतो तो वहिनींचा धाकटा भाऊ विश्वनाथ. यंदा पोती यायच्या आदल्या दिवशी नाझरसाहेब दवाखान्यात जाऊन धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन आले. शेणात हात घालायचा म्हणून असेल, असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी मला बोलावणं आलं.

"लिहा सर. पंच क्रमांक एक म्हणजे तुम्ही. पोती चार. तोंडं सुतळीनं शिवलेली. वास..." ते वाकले. "वास काय लिहाचा?"

"शेणाचा," विश्वनाथ म्हणाला. "शेण हाय ते, भाऊजी. खून नाही केला कोणी."

"नाकात झोंबून राह्यलं. कच्चं हाय."

"वर्षभराचा उकिरडा हाय तो. मुरला असंल चांगला."

"असंल हा पुरावा नसते," नाझरसाहेब म्हणाले.

हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. गॅस बंद असेल, दूध उकळलं असेल, बस गेली असेल, कशालाही ते हेच म्हणतात. मग त्यांनी बाही कोपराच्या वर सरकवली आणि पोत्यात हात घालून, डोळे मिटून, वैद्याने नाडी पाहावी तसे उभे राहिले.

"आरोपी गरम हाय," ते म्हणाले.

खत आतून गरम लागलं म्हणजे त्याचं कुजणं संपलेलं नाही. असं खत गवतावर टाकलं तर मुळं जळतात, गवत पिवळं पडतं, शिवाय त्यात तणाचं बी आणि नाना तऱ्हेचे किडे जिवंत असतात. हे मी विचारलं नव्हतं, तरी मला सांगण्यात आलं. चारही पोती परसात सावलीला ओतून, ओलं पोतं पांघरून कोठडीत ठेवली गेली. दर आठ दिवसांनी फावड्याने खालीवर करायची, पुन्हा हात घालायचा, पुन्हा पुढची तारीख. ढीग गार झाला, त्याला ओल्या मातीसारखा वास येऊ लागला, तरी सुटका नाही. मग दोन डबे. एकात खत मिसळलेली माती, एकात नुसती माती, दोन्हींत मेथीचे मोजून वीस-वीस दाणे. पहिल्या खेपेला खताच्या डब्यातली मेथी पिवळी पडली. पुढची तारीख. दुसऱ्या खेपेला दोन्ही डबे सारखे उगवले.

"भाजी करू का याची?" वहिनींनी विचारलं.

"तो पुरावा हाय," नाझरसाहेब म्हणाले.

खरी तपासणी त्यानंतर सुरू झाली. वाळूच्या चाळणीतून एकदा, गव्हाच्या चाळणीतून दुसऱ्यांदा, आणि शेवटी जुन्या वर्तमानपत्रावर मूठमूठ पसरून बोटांनी. नाकाला रुमाल, हातात रबरी मोजे, पण शेवटच्या फेरीला मोजे काढून. गावच्या उकिरड्यात शेणाबरोबर घरातला सगळा केरकचरा जातो. खिळे, दाढीच्या पात्याचा तुकडा, गुरांना टोचलेल्या इंजेक्शनची सुई, साडीची पिन. एका जुन्या स्पीकरचं लोहचुंबक दोरीला बांधून ते खतावरून ओढत. निघालेली प्रत्येक वस्तू पाकिटात, पाकिटावर क्रमांक, खाली माझी सही. मी बारावीच्या मुलांना मराठी शिकवतो. इतक्या सह्या मी निकालाच्या दिवशीही करत नाही.

"लोखंडाचं बरं असते सर," ते म्हणाले. "चुंबक लावलं का कबूल होते. काच कबूल होत नाही."

काचेचं नाव निघालं की त्यांचा आवाज उतरतो. त्याला कारण आहे.

कुसुमवहिनींना बारा वर्षांपासून साखरेचा आजार आहे आणि त्यांच्या तळपायांना आता काही कळत नाही. एकदा उकळता चहा पायावर सांडला, तर त्या "जमीन ओली काऊन दिसून राह्यली" म्हणून फडकं शोधत होत्या. गेल्या पावसाळ्यात त्या लॉनवरून चालून आत आल्या, तेव्हा स्वयंपाकघरापासून देवघरापर्यंत लाल ठिपके उमटले. वहिनींना वाटलं, कुंकू सांडलं. खतातून आलेला बांगडीचा तुकडा अंगठ्याखाली रुतला होता. अडीच महिने मलमपट्टी चालली. डॉक्टरांनी सांगितलं, अनवाणी पाऊल टाकायचं नाही. पुढच्या वेळी बोट काढावं लागेल.

वहिनींनी ऐकून घेतलं आणि घरी येऊन आपला निकाल सांगितला.

"साखर सोडली. आंबा सोडला. भात सोडला. गवतावर चालाचं नाही सोडत. चपला घालून गवतावर चालणं म्हणजे हातमोजे घालून भाकर खाणं."

मग खत तरी दुकानातलं आणा, असं मी सुचवून पाहिलं. वहिनी उठून आत गेल्या. नाझरसाहेबांनी मला फाटकाबाहेर नेऊन सांगितलं, "माय गेली, बाप गेला, वावराच्या वाटण्या झाल्या. तिकून आता एवढंच येते सर. ते कसं बंद करू?"

म्हणजे खतही तेच हवं, पायही अनवाणीच हवे, आणि बोटंही दहाच्या दहा राहायला हवीत. हे तिन्ही एकाच वेळी साधायची जबाबदारी नाझरसाहेबांवर होती.

यंदा चाळताना लाल काचेच्या बांगडीचे पाच तुकडे निघाले. नाझरसाहेबांनी ते कोऱ्या कागदावर गोल जुळवले. टोकं टोकांना नीट बसली. फक्त एका जागी बोटाच्या पेराएवढी फट राहिली. त्यांनी सगळं खत पुन्हा चाळलं. मग तिसऱ्यांदा. फट तशीच.

"उरलेला तुकडा देऊळघाटलाच राहिला असेल," मी म्हणालो आणि लगेच जीभ चावली. 

विश्वनाथला फोन गेला. फोन स्पीकरवर होता.

"भाऊजी, उकिरड्यात बांगडी शोधू? गाव काय म्हणंल मले?"

"गेल्या साली तुह्याच उकिरड्यातून आली होती," नाझरसाहेब म्हणाले.

 "शोधतो," विश्वनाथ म्हणाला. दोन दिवसांनी त्याचा फोन आला. बांगडी मिळाली नव्हती. एक कुलूप मिळालं होतं, ते हवं का, असं तो विचारत होता.

जुलैत पावसाने उघडीप दिली तेव्हा खत पसरणं भागच होतं. गवत आधी कापून घेतलं. मग नखाच्या जाडीएवढा थर, त्याहून जास्त नाही, आणि वरून खराट्याने हलका हात, म्हणजे खत मुळाशी जाईल आणि पाती उघडी राहतील. नंतर झारीने पाणी. चारी बाजूंनी सुतळी बांधून लॉन बंद. गेल्या वर्षी ही सुतळी आठ दिवसांनी सुटली होती. यंदा पंधरा दिवस झाले, वीस झाले. गवत इतकं हिरवं झालं की रस्त्याने जाणारे थांबून बघत. सुतळी सुटेना.

वहिनी रोज सकाळी पायरीवर येऊन बसत. पायात त्यांना न आवडणाऱ्या मऊ चपला.

"काऊन हो सर," त्या मला कुंपणावरून विचारत, "उघडलं का कोर्ट?"

"सहाव्या तुकड्यावर अडलंय, वहिनी."

"जलमभर दुसऱ्याच्या वस्तू सांभाळल्या या माणसानं. एकबी हरपली नाही म्हणते. आता एक तुकडा सापडत नाही तं जेवण जात नाही त्याले."

ते खरं होतं. नाझरसाहेब वाळले होते. जेवताना मध्येच उठून कागदावरची ती बांगडी पाहून येत.

एका सकाळी साडेपाचला मी फिरायला निघालो तर सुतळीच्या आत कोणीतरी हलताना दिसलं. नाझरसाहेब होते. पायजमा घोट्याच्या वर दुमडलेला, पाय अनवाणी. भिंतीपासून कुंपणापर्यंत टाच दाबत, पाऊल न उचलता, घासत जात होते. कुंपणाशी वळून त्याच्या लगतचा पट्टा. शेत नांगरावं तसं.

"हे काय चाललंय?"

"हाताले काच चुकते सर," ते न थांबता म्हणाले. "पायाले नाही चुकत." दोन पावलं पुढे जाऊन त्यांनी दुरुस्ती केली. "माह्या पायाले."

मी पायांकडे पाहत राहिलो.

"इंजेक्शन घेऊन ठेवलं हाय," ते म्हणाले. "मे मधीच."

तीन सकाळी हे चाललं. वहिनी उठायच्या आत ते पाय धुऊन, वर्तमानपत्र घेऊन बसलेले असत. चौथ्या सकाळी ते लॉनच्या मधोमध थांबले, एका पायावर बगळ्यासारखे उभे राहिले आणि मग हळूच खाली बसले. मी कुंपण ओलांडून धावलो. डाव्या टाचेतून रक्त येत होतं. रक्त पाहून इतका समाधानी झालेला माणूस मी पाहिलेला नाही.

"सापडला," ते म्हणाले.

आवाजाने वहिनी बाहेर आल्या. त्यांनी एकदा टाचेकडे पाहिलं, एकदा गवतावरच्या घासलेल्या पट्ट्यांकडे पाहिलं.  आत जाऊन पाणी आणि मलमपट्टीचा डबा आणला. तो डबा गेल्या वर्षी त्यांच्यासाठी आणलेला होता. त्या पट्टी बांधत असताना नाझरसाहेबांनी मला आतून बांगडीचा कागद आणायला लावला. तुकडा धुतला, उजेडात धरला. माणूस माणसासाठी काय करू शकतो यावर माझ्या मनात एक चांगलं लांब वाक्य तयार होत होतं.

तुकडा हिरवा निघाला.

"लाल अजून बाहेरच हाय," नाझरसाहेब म्हणाले. त्यांचा चेहरा पडला.

वहिनींनी डबा बंद केला. सुतळीची गाठ सोडली. मग चपला काढून पायरीवर नीट जोडून ठेवल्या.

"कुसुम, खात्री नाही अजून."

"तुमी चाललेत ना सगळ्यावरून?"

"चाललो. पण..."

"मंग चाला पुढं. मी मागून येते."

ते उठले. लंगडत, टाच जपत, पाऊल घासत ते पुढे निघाले आणि त्यांच्या पट्ट्यावर बरोबर पाऊल ठेवत वहिनी मागे. कुंपणापर्यंत गेले, वळले, परत आले. तिसऱ्या फेरीला नाझरसाहेबांनी मागे न पाहता विचारलं, "कसं लागते?"

"गार लागते," वहिनी म्हणाल्या.

हा जबाब कोणी लिहून घेतला नाही.

पाकीट मात्र त्याच दिवशी तयार झालं. वर लिहिलं आहे: काचेचा तुकडा, हिरवा, नग एक. जप्तीचे ठिकाण, डावी टाच. खाली पंच क्रमांक एक म्हणून माझी सही आहे.