निरोप पालथ्यात राहतो

लहानू कोतवाल घरी येऊन गेला, की घरातली एखादी वस्तू उलटी झालेली सापडे. कुठे तांब्या पालथा, कुठे सूप पालथे, कुठे उंबऱ्याबाहेरच्या जोडीतली एकच चप्पल उताणी. पाहणारा चिडे, हे कोणी केले म्हणून ओरडे आणि ओरडता ओरडताच त्याला आठवे, की सोमवारी रेशनकार्ड घेऊन मुरबाडला जायचे आहे.

या सवयीविषयी आमच्या गावात तीन कथा प्रचलित आहेत आणि तिन्ही खोट्या आहेत. सरपंच म्हणतात, लहानूला बाधा झाली आहे. दुकानदार म्हणतो, तो पितो. वस्तुतः लहानू चहासुद्धा अर्धाच पितो. तिसरी कथा कॅमेरा घेऊन आलेल्या एका तरुणाने सांगितली, की ही डोंगरातील एक लुप्त होत चाललेली परंपरा आहे. त्याबद्दल मी लहानूला जाब विचारला, तेव्हा तो म्हणाला, "पोरगा लांबून आल्ता, गुरुजी. त्याला नाय कसं म्हनायचं?"

खरी हकीकत मला ठाऊक आहे. ती मी लिहीत आहे, कारण मी गेल्यावर हे लोक काहीही सांगतील.

मुरबाडहून माळशेजच्या रस्त्याने जाताना वैशाखऱ्याच्या अलीकडे एक फाटा फुटतो. तेथे आमचे गाव आहे. लहानू या गावाचा कोतवाल होता. तलाठ्याच्या नोटिसा पोचवणे, ग्रामसभेची दवंडी देणे, कोणी वारले तर नातेवाइकांकडे सांगावा नेणे ही त्याची कामे. वयोमानाप्रमाणे पद गेले. फेरी मात्र त्याने सोडली नाही. दररोज सकाळी डोक्याला उपरणे गुंडाळून तो निघे. निरोप असला तर सांगे, नसला तर विचारे, "कोणाला काय कळवायचं हाय का?"

त्याचे नियम ठरलेले होते. एका घरात एका दिवशी एकच निरोप. "दोन सांगितलं, की एकमेकांना खातात," असे तो म्हणे. निरोप सांगून झाला, की त्या माणसाच्या रोजच्या हातातली किंवा नजरेतली वस्तू उलटी करायची आणि काम झाल्यावर स्वतः जाऊन सरळ करायची. मध्ये कोणी हात लावायचा नाही.

"आरं मेल्या, माजा तांब्या कशाला पालथा घातलास?" सखूबाई त्याच्या अंगावर धावून जाई.

"राहू दे गो. सोमवारपर्यंत सरळ केलास तर निरोप सांडंल."

"पालथ्यात काय राहतं, मुडद्या?"

"पानी सरळ भांड्यात राहतं. निरोप पालथ्यात राहतो."

सरकारी भाषेचे त्याला भय नव्हते, हे मी स्वतः पाहिले आहे. एकदा तलाठी भाऊसाहेबांनी 'सर्व संबंधित खातेदारांस याद्वारे कळविण्यात येते' असा अर्धा पानभर मजकूर त्याच्या हाती ठेवला. लहानूने तो शांतपणे ऐकून घेतला आणि विचारले, "भाऊसाहेब, यातलं कोणाच्या पोटात दुखनार, तेवढं सांगा." मग गावात येऊन त्याने सांगितले, "बेसतवारी मोजनीवाला येतोय. बांधावर उभे राहा. नाय राहिलात, तर तुमच्या आंब्याची सावली शेजाऱ्याची होईल." गुरुवारी सारा गाव बांधावर उभा होता. ज्यांना आंबा नव्हता तेही आले होते.

मी छत्तीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले. माझा विश्वास पाठांतरावर होता आणि आहे. गोष्ट दहा वेळा सांगितली, की ती विद्यार्थ्याच्या मनात ठसते, असे मी लहानूला बजावले होते. त्यावर तो म्हणाला, "तुमी धा वेळा सांगता, म्हनून पोरं नऊ वेळा आयकत नाय." या उद्धट उत्तराची नोंद मी येथे केवळ प्रामाणिकपणापोटी करतो.

आता माझ्या प्रमाणपत्राविषयी. गावात सांगतात, की लहानूने भिंतीवरचे माझे 'आदर्श शिक्षक' प्रमाणपत्र उलटे टांगले आणि मी काठी उगारून त्याच्यामागे वेशीपर्यंत धावलो. मी धावलो नाही. मी चाललो, थोडा वेगाने. आणि काठी माझ्या हातात नेहमीच असते. ते पुढे असेही सांगतात, की निरोप पेन्शनीच्या हयातीच्या दाखल्याचा होता. तेही खोटे आहे. ही चूक मी आजवर दुरुस्त केली नाही, कारण ती माझ्या सोयीची होती.

निरोप माझ्या थोरल्या बहिणीचा होता. आक्का आटगावला असते. लहानू म्हणाला होता, "बाजारात आटगावचा मानूस भेटला. आक्काच्या डोळ्यांतला उजेड चाललाय. म्हनते, पुरता जायच्या आत बाबूनं तोंड दाखवावं."

आक्काशी माझे बोलणे अकरा वर्षे बंद होते. कारण आमच्या वडिलांचे शेवटचे शब्द. वडील गेले तेव्हा त्यांच्या उशाशी आम्ही दोघेच होतो. 'ज्ञान हेच माणसाचे खरे धन, ते कोणास नाकारू नकोस,' असे ते मला म्हणाले. हे वाक्य मी शाळेच्या भिंतीवर रंगवून घेतले आणि दर वर्षी प्रत्येक वर्गाला सांगितले. एका लग्नाच्या मांडवात, शंभर माणसांसमोर, आक्का खदखदून हसली. म्हणाली, "कसलं ज्ञान नि कसलं धन! बाबा म्हनला, म्हशीला पानी दाखवलं का? एवढं बोलला आनि गेला."

मांडव हसला. मी जेवण न घेता उठलो. त्यानंतर आमच्या पंचक्रोशीत माझ्या वडिलांचे नाव निघाले, की लोकांना म्हैसच आठवते. भिंतीवरचे वाक्य त्याखालून रोज जाणाऱ्यांपैकी एकालाही पाठ नाही, हे मी तपासून पाहिले आहे.

म्हणून त्या दिवशी संध्याकाळी मी स्टुलावर चढून प्रमाणपत्र सरळ केले. आटगावला गेलो नाही. दुसऱ्या दिवशी फेरीला आलेल्या लहानूने दारातूनच भिंतीकडे पाहिले.

"सांडलात नवं," तो म्हणाला आणि निघून गेला.

त्या दोन शब्दांचा मला इतका संताप आला, की पुढच्या ग्रामसभेत मी उभा राहिलो. आता मोबाईलवर ग्रुप आहे, देवळावर भोंगा आहे. परक्या माणसाने घरात शिरून लोकांच्या वस्तूंना हात लावणे असभ्य आहे, असे मी सप्रमाण मांडले. कोणाच्या तरी सुनेने उताण्या चपलेवरून घरात दोन दिवस भांडण झाल्याची तक्रार केली होती, तिचाही दाखला दिला. ठराव झाला: लहानूने यापुढे कोणाच्या घरी जाऊ नये.

गावात सांगतात, की तेव्हा लहानूने खणखणीत आवाजात विचारले, "काल ग्रुपवर काय आलं हुतं ते कोणी सांगा!" आणि सभा निरुत्तर झाली. मी पहिल्या रांगेत होतो. लहानू काहीही बोलला नाही. त्याने उपरणे डोक्यावरून काढले, घडी करून खांद्यावर ठेवले आणि तो बाहेर गेला. त्याची चप्पल कोणती, हे त्याला काही वेळ उमगत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्या घरी गेलो. क्षमा मागण्यासाठी नव्हे. विरोध तत्त्वाचा होता, माणसाचा नव्हता, हे त्याला नीट समजावून सांगणे माझे कर्तव्य होते. फेरीची वेळ होती आणि तो ओटीवर हात मांडीवर ठेवून बसला होता. एकटाच राहतो, घर लख्ख सारवलेले. आत भिंतीशी जेवायला बसायचा एक लहान पाट होता. पालथा, पाय वर केलेला. चुकीचे दिसले की दुरुस्त करायचे, ही माझी जन्माची खोड. मी वाकलो.

"गुरुजी, हात नका लावू."

लहानूचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"हा कोणाचा निरोप?" मी विचारले.

"माज्या जनीचा." तो पाटाकडे न बघता बोलू लागला. "उंबरमाळीला दिली हुती. भाताची कापनी चालली हुती. बाजारात तिच्या गावचा मानूस भेटला. म्हनला, जनी म्हनते, बाबाला सांग, माजं अंग बरं नाय, येऊन ने. मी म्हनलो, बरं. डोक्यात भारे वाहायचे हुते. घरी येईपर्यंत सांडला."

मी पाटापासून दूर सरलो.

"धा दिवसांनी दुसरा सांगावा आला. तो नाय विसरलो." त्याने उपरण्याने ओटीवरची नसलेली धूळ पुसली. "त्या मानसानं नीट सांगितलं हुतं, गुरुजी. त्याचा काय दोष नाय. पन नुसतं सांगितलं. माजं एक मडकं जरी पालथं घालून गेला असता..."

उपरणे पुन्हा खांद्यावर टाकून तो म्हणाला, "काम झालं म्हंजे वस्तू सरळ करायची. याचं काम झालं नाय."

मी घरी आलो. स्टुलावर चढलो आणि माझ्याच हाताने माझे प्रमाणपत्र उलटे केले. मग पिशवीत एक सदरा घातला, मुरबाडला आलो, तेथून एस.टी.ने शहापूर आणि पुढे आटगाव.

आक्का ओटीवर तांदूळ निवडत होती. डोळ्यांनी नव्हे, बोटांनी. मी तिच्यासमोर उभा राहिलो. तिने मान वर केली आणि माझ्या खांद्यापलीकडे पाहत विचारले, "कोन हाय?"

मला उशीर झाला होता.

वाटेत मी एक सुसंबद्ध निवेदन तयार केले होते. ते त्या क्षणी मला आठवले नाही. तोंडातून निघाले ते इतकेच:

"आक्का, म्हशीला पाणी दाखवलं का?"

तिच्या हातातले सूप कलंडले. तांदूळ ओटीभर झाले. ती हसत होती की रडत होती, याविषयी तिच्या सुनेचे मत वेगळे आहे. पण सून आत होती, मी समोर होतो. आक्काने चाचपडत माझे तोंड दोन्ही हातांत धरले आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत बोटे फिरवली.

"म्हातारा झालास रे, बाबू," ती म्हणाली. निघताना म्हणाली, "पुनवेला परत ये."

त्यानंतरच्या ग्रामसभेत मी पुन्हा उभा राहिलो आणि तो ठराव मागे घ्यायला लावला. वयामुळे गुरुजी मऊ झाले, असे गावात बोलतात. मी मऊ झालेलो नाही आणि मत बदललेले नाही. मी ते दुरुस्त केले, आणि दुरुस्ती हा शिक्षकाचा धर्म आहे. लहानू पुन्हा फेरीला निघतो. माझ्या दाराशी थांबतो, भिंतीकडे बघतो आणि आत न येता पुढे जातो. सरळ करू का, असे त्याने एकदाही विचारलेले नाही.

मी दर पौर्णिमेला आटगावला जातो आणि दर वेळी आक्का पुढच्या पौर्णिमेचे सांगते. प्रमाणपत्र त्यामुळे अजून उलटेच आहे. येणारे-जाणारे ते पाहतात आणि बाहेर पडल्यावर हळू आवाजात एकमेकांना सांगतात, की गुरुजींना आता दिसत नाही.

हेही खोटे आहे. मला स्वच्छ दिसते.